रोड बाइकची तुटलेली गिअर केबल बदलताना

गिअरची केबल अचानक तुटली असं म्हणतात, पण ती सहसा आठ-पंधरा दिवस सांगत असते. मागचा गिअर एका क्लिकमध्ये चढत नाही, दुसरी क्लिक द्यावी लागते. ॲडजस्टरला (केबलचा ताण कमी-जास्त करायच्या फिरकीला) पाव फेरा देऊन बसवलेलं गणित पुढच्या राइडला पुन्हा बिघडतं. छोट्या चकतीकडे येताना चेन रेंगाळते. अशा वेळी ॲडजस्टर फिरवत बसण्याऐवजी हूड (ब्रेक लिव्हरवरचं रबरी आवरण) उलटून शिफ्टरच्या, म्हणजे गिअर बदलायच्या लिव्हरच्या, आत बॅटरी मारून बघावं. केबल १.२ मिमी जाडीची, पण ती बऱ्याच बारीक तारांचा पीळ असते. त्यातल्या दोन-चार तारा बोंडाजवळ (केबलच्या टोकाच्या धातूच्या गाठीजवळ) तुटून कुसळासारख्या उभ्या राहिल्या असतील, तर तिचे दिवस भरले. तेव्हाच बदलली तर काम अर्ध्या तासाचं. पूर्ण तुटू दिली तर बोंड शिफ्टरच्या पोटात अडकतं आणि अख्खी दुपार त्यात जाते.

तुटते ती नेमकी तिथेच, बोंडाच्या मागच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये. शिफ्टरच्या आत एक छोटी चकरी असते, तिच्यावर केबल गुंडाळली जाते. प्रत्येक क्लिकला तोच तुकडा वाकतो आणि सरळ होतो. केबल हँडलबारच्या टेपखालून जाते त्या शिमानो कंपनीच्या शिफ्टरमध्ये हे वळण फारच तंग असतं, म्हणून जुन्या, बाजूने केबल बाहेर काढणाऱ्या शिफ्टरपेक्षा त्यांत केबल लवकर जाते. उजवी, म्हणजे मागच्या गिअरची केबल डावीच्या कितीतरी आधी तुटते, कारण सगळं शिफ्टिंग तिच्यावरच होतं. नियमित चालवणाऱ्याने चार-पाच हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, उजवी इनर, म्हणजे आतली तार, बदलून टाकावी. घाटात सतत गिअर बदलणाऱ्याने त्याहून लवकर.

रस्त्यात तुटली तर

मागची केबल तुटली की डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग चेनला सगळ्यात छोट्या चकतीवर नेऊन बसवते. पुढे ५०/३४ आणि मागे ११-२८ दात्यांच्या चकत्यांचा सेट असेल, तर पुढची छोटी चकती घेऊनही ३४ भागिले ११, म्हणजे जवळपास ३.१ चं गुणोत्तर उरतं. सपाटीवर चालेल. कात्रज किंवा कसाऱ्याच्या चढावर मात्र उतरून ढकलायची वेळ येईल. २०० किमीच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला) साडेतेरा तास मिळतात, त्यातले दोन तास पायी चालण्यात घालवायचे नसतील तर दोन उपाय आहेत.

पहिला सोपा. मागच्या डिरेलरवर दोन छोटे स्क्रू असतात, त्यांतला ‘एच’ अक्षराचा आत पिळत जा. डिरेलर आत सरकतो आणि चेन दुसऱ्या किंवा तिसऱ्या चकतीवर येऊन थांबते. पॅडल फिरवत पिळायचं, आणि फेरे मोजून फोनमध्ये लिहून ठेवायचे. घरी गेल्यावर तेवढेच उलटे फिरवावे लागतील.

दुसरा उपाय केबल फ्रेमच्या बाहेरून जाते त्यांच्यासाठी, आणि तो पहिल्यापेक्षा बराच चांगला. तुटलेली केबल शिफ्टरकडून ओढून डाउनट्यूबजवळ (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीजवळ) मोकळी करा. एका हाताने डिरेलर आत ढकलून चेन मधल्या, म्हणजे १९ किंवा २१ दात्यांच्या चकतीवर आणा. केबल ताणून बाटलीच्या केजच्या बोल्टखाली गुंडाळा आणि बोल्ट घट्ट करा. आता ३४ भागिले २१, म्हणजे १.६ चा एकच गिअर मागे आहे, पण पुढच्या दोन चकत्या मिळून दोन गिअर हाताशी आहेत. एवढ्यावर बहुतेक घाट चढून होतो.

इथे एकच पथ्य. तुटल्यावर शिफ्टरचे लिव्हर उगाच खटखटवू नका. आत राहिलेल्या तुटक्या तारा चकरीभोवती गुंडाळल्या जातात आणि दातेरी यंत्रणेत शिरतात. पुढचा निम्मा त्रास इथूनच सुरू होतो.

काय आणायचं

दुकानात नुसतं ‘केबल द्या’ म्हटलं तर ब्रेकची हातात पडण्याची शक्यता बरीच असते. ब्रेकची इनर १.५ ते १.६ मिमी जाड असते आणि रोड बाइकच्या ब्रेक केबलचं बोंड पेरूच्या आकाराचं, मोठं असतं. गिअरची १.२ मिमी, बोंड छोटं नळकांड्यासारखं. माउंटन बाइकच्या ब्रेकचं बोंडही नळकांड्यासारखंच दिसतं पण आकाराने मोठं असतं, त्याने फसू नका. काही स्वस्त केबलींना दोन्ही टोकांना वेगवेगळी बोंडं असतात, एक शिमानो-स्रॅमचं आणि दुसरं, जरा लहान, कॅम्पाग्नोलोचं. नको असलेलं कापून टाकायचं असतं. शिमानोचं बोंड कॅम्पाग्नोलोच्या शिफ्टरमध्ये घातलं तर ते तिथे पाचरीसारखं रुतून बसतं आणि पुढच्या वेळी बाहेर यायला नकार देतं.

मागच्या गिअरला दोन मीटर किंवा २१०० मिमी लांबीची इनर पुरते. स्टेनलेसच घ्या. कोकणात, मुंबईत, गोव्यात खाऱ्या हवेने साधी जस्ताच्या मुलाम्याची केबल एका पावसाळ्यात खरबरीत होते. प्लास्टिकचा लेप दिलेल्या महाग केबली सुरुवातीला लोण्यासारख्या चालतात, पण लेप सोलून त्याचा भुसा आउटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या वेष्टनात, साचू लागला की घर्षण वाढतं. धूळ-चिखलाच्या रस्त्यांना गुळगुळीत साधी स्टेनलेस बरी.

आउटर ४ मिमीची, गिअरसाठीचीच. तिच्यात तारा उभ्या, लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे ती दाबली जात नाही आणि क्लिक नेमकी पोचते. ब्रेकच्या ५ मिमी आउटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ती गिअरला लावली तर शिफ्टिंग ढिलं पडतं, एवढंच नुकसान. उलट केलं तर मात्र जिवाशी खेळ आहे. गिअरची आउटर ब्रेकला लावली आणि ब्रेक कचकन दाबला तर उभ्या तारा फाकून आउटर फुटू शकते.

शिवाय आउटरच्या टोकांना लावायच्या टोप्या, इनरच्या शेवटाची ॲल्युमिनियमची टोपी, ४ आणि ५ मिमीच्या ॲलन की, बारीक तोंडाची पक्कड, दाभण, बॅटरी. आणि केबल कटर. इथे कंजुषी नको. साध्या पकडीने केबल कापली जात नाही, चेंगरली जाते, तिच्या तारा फाकतात आणि मग ती कशातूनच ओवता येत नाही. कटर नसेल तर सायकलच्या दुकानातून आउटरची दोन्ही टोकं कापून आणा, पण पकडीने कुरतडू नका.

इलेक्ट्रॉनिक गिअर असणाऱ्यांना यातलं काही लागत नाही, त्यांनी चार्जर शोधावा.

अडकलेलं बोंड

खरं काम हे. बाकीचं सगळं चिकाटीने होतं, इथे मात्र घाई केली तर शिफ्टर उघडावा लागतो.

आधी डिरेलरकडे केबलची टोपी कापा आणि बोल्ट सैल करा. केबल फ्रेमच्या आतून जात असेल तर ती अजून ओढून काढू नका. तिचा उपयोग आहे, तो पुढे येईल.

आता शिफ्टर. केबल घालायचं भोक आणि बोंडाची खोबण एकासमोर एक येतात ती फक्त शिफ्टर सगळ्यात छोट्या चकतीच्या स्थितीत असतानाच. शिमानोमध्ये आतला छोटा लिव्हर आठ-दहा वेळा, सावकाश, क्लिक येणं थांबेपर्यंत दाबा. स्रॅममध्ये त्याच एका लिव्हरचा छोटा झटका, कॅम्पाग्नोलोमध्ये अंगठ्याचं बटण. लिव्हर मध्येच अडला तर जोर लावू नका. तार कुठेतरी गुंतली आहे. बॅटरी मारून ती शोधा, बारीक पकडीने एकेक करून ओढून काढा, मग पुढची क्लिक.

भोक कुठे असतं ते मॉडेलवर ठरतं. केबल बाजूने बाहेर येणाऱ्या जुन्या शिमानोमध्ये ब्रेक लिव्हर पूर्ण दाबला की बाहेरच्या अंगाला भोक दिसतं. टेपखालून केबल नेणाऱ्या क्लॅरिस आर२०००, सोरा आर३०००, टियाग्रा ४७००, १०५ आर७००० या मॉडेलांत रबरी हूड उलटल्यावर शिफ्टरच्या बाहेरच्या बाजूला बघावं. हूड ताठ असेल तर कडेने स्पिरिटचे दोन थेंब सोडा. ओढून फाटला तर जोडी विकत घ्यावी लागते. कॅम्पाग्नोलोमध्ये भोक शिफ्टरच्या खालच्या अंगाला असतं.

बोंडाला सेंटिमीटरभर तरी शेपूट उरलं असेल तर मागून, म्हणजे केबल शिफ्टरमधून बाहेर पडते तिथून, नव्या केबलच्या टोकाने ढकला. बोंड भोकात डोकावलं की चिमट्याने उचला. शेपूट उरलं नसेल तर जुन्या स्पोकचं टोक घासून अणकुचीदार करा, अगदी टोकाला दोन मिमीचा आकडा वाकवा आणि बोंड खालून उचकटा. सायकल उलटी टांगून शिफ्टरवर हलक्या हाताने टकटक केलं तरी पुष्कळदा ते आपणहून घरंगळतं. हे सगळं होऊनही जमलं नाही, तर काही शिमानो मॉडेलांना खालच्या बाजूला छोट्या स्क्रूने बसवलेलं प्लास्टिकचं झाकण असतं, ते काढल्यावर चकरी समोर दिसते. स्क्रू चिमुकले असतात. खाली पांढरा कपडा अंथरा. त्यापलीकडे शिफ्टर खोलू नका, आतल्या स्प्रिंगा परत बसवणं घरच्या टेबलावर होत नाही.

बोंड निघालं म्हणजे काम झालं असंही नाही. तुटलेल्या तारा मोजता येत नाहीत, म्हणून आत पुन्हा नीट बघा. एखादी राहिली तर पन्नास किलोमीटरनंतर शिफ्टर अडकेल आणि दोष नव्या केबलला दिला जाईल. सगळं साफ दिसल्यावर आतमध्ये पातळ तेलाचे दोन-तीन थेंब सोडा आणि रिकाम्या शिफ्टरच्या सगळ्या क्लिक वर-खाली मोजून घ्या. ११ स्पीडला १० क्लिक यायला हव्यात.

आउटर बदलायची की नाही

जुन्या आउटरमधून नवी इनर घालून बघा. बोटाच्या एका ढकलीने ती सुळकन जात असेल तर हरकत नाही. कुठे खरखर लागली, तर आउटर बदला. निदान मागच्या डिरेलरजवळचा वळणाचा तुकडा तरी दर वेळी नवा घालावाच. मागच्या चाकाचा सगळा चिखल तिथे उडतो आणि एका टोकाने पाणी आत शिरतं. ‘इनर नवी टाकली तरी गिअर छोट्या चकतीकडे येत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा याच वीतभर तुकड्यात सापडतं. मोठ्या चकतीकडे आपण जोराने ओढतो, छोट्याकडे फक्त डिरेलरची स्प्रिंग ओढते. घर्षण वाढलं की आधी तीच हरते.

लांबी जुन्या तुकड्याएवढी घ्यावी, पण जुना तुकडा योग्य होता याची खात्री करून. आखूड असला तर डिरेलर मोठ्या चकतीवर गेल्यावर आउटर टोपीतून तिरकी ओढली जाते. लांब असला तर वळण वाढतं आणि घर्षणही. शिमानोच्या नव्या, आत दडलेल्या डिरेलरना हा तुकडा साधारण २४ सेंमी पुरतो, जुन्यांना त्याहून थोडा जास्त लागतो. हँडलबारकडचा तुकडा कापायच्या आधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. हा तुकडा बदलायचा तर टेप उलगडावी लागते, म्हणून टेप बदलायला झाली असेल तेव्हाच हे उरकून घेतलेलं बरं.

कापल्यावर आउटरचं टोक बघा. आतली प्लास्टिकची नळी दबून बंद झालेली असते. दाभणाने ती गोल उघडा, मग बाहेरच्या तारा कानशीने काटकोनात सपाट घासा. टोक तिरकं राहिलं तर टोपीत नीट टेकत नाही, ताण पडला की बसकण मारतं आणि गिअर हलतो. ‘नवी केबल ताणली जाते’ असं आपण म्हणतो, ते खरं तर पोलादी तारेचं लांबणं नसतंच. आउटरची टोकं आणि टोप्या आपापल्या जागी बसत असतात. टोकं नीट घासली तर हे ‘ताणणं’ जवळजवळ होत नाही.

ओवणं आणि बांधणं

नवी इनर अजिबात कापू नका. कारखान्यातून आलेलं तिचं टोक वितळवून एकजीव केलेलं असतं, म्हणून ती सहज ओवली जाते. शिफ्टरच्या भोकातून ओवा आणि बोंड खोबणीत खोल बसेपर्यंत ओढा. मग मागे ताण धरून क्लिक देऊन बघा. बोंड उचललं जात असेल तर ते खोबणीत बसलेलं नाही.

फ्रेमच्या आतून जाणाऱ्या केबलीसाठी जुनी केबल आत ठेवायला सांगितलं ते यासाठी. तिच्यावरून एक लांब प्लास्टिकची पातळ नळी सरकवत फ्रेमच्या दुसऱ्या टोकाने बाहेर काढा, मग जुनी केबल ओढा आणि त्याच नळीतून नवी घाला. नळी काढून घ्यायला विसरू नका. जुनी केबल आधीच ओढून टाकली असेल, तर शिवणाचा दोरा एका भोकात सोडून दुसऱ्या भोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावा. दोरा बाहेर आला की त्याला नवी केबल चिकटपट्टीने जोडून ओढून घ्या.

बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस बसतो त्या जागेच्या) खाली एक प्लास्टिकची पट्टी असते, तिच्या खाचेतून केबल जाते. आपल्याकडच्या रस्त्यांवर या खाचेत माती, तेल आणि चिखल यांचा डांबरासारखा थर बसतो. तो खरवडून काढा. खाच खोल घासली असेल तर पट्टी बदला. एका स्क्रूवर बसणारी, स्वस्तातली वस्तू आहे, पण ती न बदलल्याने चांगल्या केबलीही जड चालतात. खाचेत ग्रीस भरू नका, धूळ तिथेच चिकटते.

आता शिफ्टर पुन्हा छोट्या चकतीच्या स्थितीत आहे याची खात्री करा. ॲडजस्टर पूर्ण आत फिरवा आणि एक फेरा बाहेर घ्या. केबल डिरेलरच्या बोल्टखालच्या खाचेत बसवा. खाच नीट बघा. बोल्टच्या चुकीच्या बाजूने केबल गेली तरी ती बांधली जाते, पण तरफेची लांबी बदलते. मग पहिले तीन गिअर जुळवले की शेवटचे तीन बिघडतात, आणि तासभर ॲडजस्टर फिरवूनही काही हाती लागत नाही. हाताने केबल ताठ ओढून बोल्ट घट्ट करा. शिमानोच्या रोड डिरेलरला ६ ते ७ न्यूटन-मीटर पुरतात. त्याहून जास्त पिळलं तर केबल चपटी होते आणि तिथेच तुटायला लागते.

लगेच गिअर जुळवायला बसू नका. क्रँक फिरवत चेन मोठ्या चकतीवर न्या, क्रँक थांबवा, आणि शिफ्टरचा मोठा लिव्हर दोन-तीनदा जोराने दाबून धरा. केबल बाहेरून असेल तर डाउनट्यूबजवळ ती हाताने बाहेर खेचा. टोप्या बसल्याचा कटकट आवाज येईल. पुन्हा छोट्या चकतीवर या. केबल सैल दिसली तर बोल्ट सोडून परत ताणून बांधा.

जुळवणी

घाटात ‘एच’ स्क्रू पिळला असेल तर मोजलेले फेरे आता उलटे फिरवा. डिरेलरची वरची छोटी चाकी, मागून बघताना, छोट्या चकतीच्या बाहेरच्या कडेच्या रेषेत यायला हवी. तो स्क्रू फिरवलाच नसेल तर एच आणि त्याच्या शेजारचा एल, दोन्हींना हात लावू नका. केबल बदलल्याने त्यांचं काही बदलत नाही, आणि एल चुकला तर चेन स्पोकमध्ये जाते.

छोट्या चकतीवरून एक क्लिक द्या. चेन दुसरीवर चढली नाही तर ॲडजस्टर बाहेर येईल असा पाव फेरा फिरवा. बाहेर म्हणजे ताण वाढला, आत म्हणजे कमी झाला, एवढंच ध्यानात ठेवा. डावं-उजवं बघत बसलं तर तो डिरेलरवर आहे की डाउनट्यूबवर यानुसार गोंधळ होतो. चेन दुसरीवर आली की मोठा लिव्हर क्लिक होणार नाही इतपतच, फक्त त्याची सैल चाल संपेपर्यंत दाबून धरा आणि क्रँक फिरवा. चेन तिसऱ्या चकतीला हलकी घासून किरकिरली तर बरोबर. आवाजच नाही, ताण थोडा वाढवा. तिसरीवर चढूनच गेली, कमी करा. लिव्हर सोडल्यावर आवाज थांबायला हवा. मग सगळ्या चकत्यांवर वर-खाली जाऊन बघा. चढताना चांगलं आणि उतरताना आळशी असेल, तर ताण जास्त आहे किंवा घर्षण आहे. ताण कमी करूनही फरक पडत नसेल तर घर्षणच, पुन्हा त्या वीतभर आउटरकडे बघा. एका टोकाला जुळतं आणि दुसऱ्या टोकाला कधीच नाही, असं असेल आणि बोल्टची खाच बरोबर असेल, तर डिरेलरचा हँगर (त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा) वाकलेला आहे. तो केबलने सुटणारा प्रश्न नाही.

पुढची केबल फार क्वचित तुटते. पद्धत तीच, फक्त बांधायच्या आधी डावा शिफ्टर सगळ्यात खालच्या स्थितीत आणा. त्यात अर्ध्या क्लिकची एक पायरी असते, ती राहून गेली तर चेन छोट्या चकतीवर आल्यावर डिरेलरला घासत राहते.

सगळं जुळल्यावरच केबल कापा. बोल्टपासून तीन सेंटिमीटर शेपूट ठेवा, टोपी चढवा आणि पकडीने दोन ठिकाणी दाबा. शेपूट चाकाच्या विरुद्ध दिशेला वाकवा. टोपी संपली असेल तर टोकाला सुपरग्लूचा एक थेंब लावा, फाकणार नाही.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ॲडजस्टरला पाव-अर्धा फेरा लागेल. त्याहून जास्त लागत असेल तर बोल्टखाली केबल सरकते आहे. आणि सीटखालच्या पिशवीत एक न कापलेली इनर वेटोळं करून ठेवा, बोंड तुमच्या शिफ्टरमध्ये बसतं का ते घरीच पाहून.